गंजिफाचे पान आणि पानाचा पत्ता



मराठीत ‘पत्ता’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक खेळायचा पत्ता आणि दुसरा पत्रावर लिहायचा पत्ता. ‘सी’ ही संगणकाची भाषा वर्गात शिकवताना या दोन अर्थांनी मला मदतही केली आहे आणि घोटाळ्यातही पाडले आहे. म्हणून आधीच ठरवून टाकू. या लेखात खेळायच्या पत्त्याला ‘पान’ म्हणायचे आणि ‘पत्ता’ म्हणजे फक्त ठिकाण.

पाने आपण घेणार आहोत ती आमच्या सावंतवाडीची. येथल्या चितार आळीतली लाकडी खेळणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांच्याच जोडीची येथली दुसरी कला म्हणजे गंजिफा. ही पाने गोल असतात आणि हाताने रंगवलेली असतात. मध्यंतरी ही कला बुडण्याच्या बेतात आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चित्रकारांना बसवून ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पाने असतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की हे दहा रंग. प्रत्येक रंगात १२ पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांना हा खेळ येतो. खेळ येतो, पण भिडू उरले नाहीत. तेव्हा तिने ठरवले की संगणकालाच भिडू करायचे. पडद्यावर १२० पाने मांडायची, माउसने टिचकी मारली की पान उचलले जायचे, असा खेळ तिने सी भाषेत लिहायला घेतला. तिच्या चुका आणि माझ्या जुन्या चुका यांतूनच आपण आज ‘ॲरे’ आणि ‘पॉइंटर’ या दोन गोष्टी समजून घेऊ.

देवळापासून तिसरे घर

कोकणातल्या वाडीत घरांना क्रमांक असतात, पण ते कोणी सांगत नाही. वाट विचारली की उत्तर येते, ‘देवळापासून तिसरे घर’. या उत्तरात दोन गोष्टी आहेत. देऊळ कोठे आहे ते तुम्हांला ठाऊक हवे, आणि तेथून किती घरे चालायचे ते ठाऊक हवे. सी भाषेतला ॲरे अगदी असाच आहे. एकाच जातीच्या वस्तू संगणकाच्या स्मृतीत एकीला लागून एक ठेवायच्या, पहिलीचा पत्ता लक्षात ठेवायचा आणि बाकीच्यांना पावले मोजून गाठायचे.

आता एक कोडे नेहमी विचारले जाते. सी भाषेत मोजणी शून्यापासून का? उत्तर वर येऊन गेलेच आहे. हा आकडा वस्तूचा क्रमांक नसून चालायच्या पावलांचा आहे. देवळालाच जायचे असेल तर देवळापासून किती पावले? शून्य. म्हणून मत्स्याचा राजा हा पाने[०][०].

हो, येथे एक खुलासा. खरी आज्ञावली रोमन अक्षरांत लिहावी लागते. आपण ती येथे देवनागरीत वाचणार आहोत. खुणा मात्र त्याच आहेत. विद्यार्थिनीने पहिली ओळ लिहिली ती अशी:

इंट पाने[१०][१२];

म्हणजे १० ओळी, प्रत्येक ओळीत १२ पूर्णांक. पान अजून खेळात असेल तर १, नसेल तर ०, एवढीच नोंद तिला ठेवायची होती. कागदावर आपण हा तक्ता चौकोनात काढतो. संगणकाच्या स्मृतीला मात्र लांबी आहे, रुंदी नाही. तेथे मत्स्याची १२ घरे, त्यांना लागून कूर्माची १२, मग वराहाची, अशी १२० घरे एकाच रांगेत येतात. मग पाने[२][३] कोठे सापडेल? दोन पूर्ण ओळी ओलांडायच्या, म्हणजे २ × १२ = २४ घरे, आणि पुढे ३. एकूण २७ पावले. आजच्या बहुतेक संगणकांवर एक इंट ४ बाइटांचा असतो. समजा पहिले घर २००० या पत्त्यावर आहे; तर हवे ते घर २००० + २७ × ४ = २१०८ वर.

हे गणित करताना कोणता आकडा लागला पाहा. १२ लागला, १० लागलाच नाही. म्हणूनच असा तक्ता दुसऱ्या फलनाकडे सोपवताना पहिला कंस रिकामा ठेवला तरी चालते, पाने[][१२] असे लिहिता येते, पण १२ गाळता येत नाही. पाठ करणाऱ्या मुलांना हा नियम विचित्र वाटतो. २७ हा आकडा स्वतः काढून पाहणाऱ्याला तो पाठ करावा लागत नाही.

बोट दाखवणारा

पॉइंटर म्हणजे दुसऱ्या वस्तूचा पत्ता ज्यात लिहून ठेवला आहे असा डबा. आपण त्याला ‘बोट’ असे नाव देऊ, कारण तो बोट दाखवण्याचेच काम करतो.

इंट *बोट;
बोट = &पाने[२][३];
*बोट = ०;

पहिली ओळ सांगते की ‘बोट’ हा एका इंटचा पत्ता बाळगणार आहे. दुसरीतल्या & या खुणेचा अर्थ ‘याचा पत्ता’; तेव्हा बोटात २१०८ हा आकडा गेला. तिसरीतल्या * चा अर्थ ‘त्या पत्त्यावर जा’. तेथे जाऊन संगणकाने ० लिहिले आणि वराहाचे ते पान खेळातून गेले. पाने हे नाव तिसऱ्या ओळीत कोठेही आलेले नाही, तरी तक्ता बदलला. पॉइंटरची सारी ताकद यात आहे, आणि सारा धोकाही.

आता बोट + १ म्हणजे किती? २१०९ असे म्हणाल तर चुकाल. बोट हा इंटकडे दाखवणारा आहे, म्हणून त्याचे एक पाऊल ४ बाइटांचे: २११२. याहून गंमत पुढे आहे. पाने + १ केले तर उत्तर २००४ येत नाही, २०४८ येते. कारण ‘पाने’ हे नाव बेरजेत आले की ते पहिल्या पूर्ण ओळीकडे बोट दाखवते, आणि एक ओळ म्हणजे १२ × ४ = ४८ बाइट. मत्स्याच्या राजाचा पत्ता २०००, मत्स्याच्या सबंध ओळीचाही पत्ता २०००. पत्ता एकच, पावले निराळी. भौतिकशास्त्रात आपण नुसता आकडा लिहिला आणि एकक गाळले तर गुण जातात. पॉइंटरची जात हे त्याचे एकक समजा.

ॲरे म्हणजेच पॉइंटर, असे काही पुस्तकांत लिहिलेले असते. ते खरे नव्हे. ॲरे म्हणजे प्रत्यक्ष घरे. पॉइंटर म्हणजे त्या घरांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. पाने या तक्त्याचा आकार विचारा, ४८० बाइट असे उत्तर येते. तोच तक्ता फलनाकडे सोपवा आणि त्या फलनाच्या आत आकार विचारा. आता उत्तर येते ८. हे ८ बाइट चिठ्ठीचे आहेत. सोपवताना सी घरे उचलून नेत नाही, नुसता पत्ता पाठवते. म्हणून किती घरे आहेत ते फलनाला वेगळे सांगावे लागते.

मत्स्यावर टिचकी, कूर्माचा राजा गायब

विद्यार्थिनीचा खेळ पहिल्या दिवशी चालला. दुसऱ्या दिवशी ती तक्रार घेऊन आली. ‘सर, मत्स्याची दश्शी उचलली की कूर्माचा राजा नाहीसा होतो!’

तिने पानांना १ ते १२ असे क्रमांक दिले होते आणि तेच कंसात घातले होते. दश्शी म्हणजे पाने[०][१२]. गणित करा: ० × १२ + १२ = १२ पावले. तेराव्या घरात कोण राहते? कूर्माचा राजा, पाने[१][०]. ओळीची हद्द संपली हे संगणकाने सांगितले नाही. भाषेच्या नियमाप्रमाणे हद्दीबाहेर गेल्यावर काय होईल याची कोणतीही हमी नाही. बहुतेक वेळा मात्र असे शेजाऱ्याचे घर सापडते. कल्कीच्या ओळीत हीच चूक केली तर आपण तक्त्याच्याही बाहेर जातो. तेथे दुसरीच माहिती ठेवलेली असते, आणि ती आपण पुसून टाकतो. खेळ तेव्हाच बंद पडला तर नशीब समजा. पुष्कळदा तो दहा मिनिटांनी, भलत्याच जागी बंद पडतो.

सी भाषा पहारा का करीत नाही, असे तुम्ही विचाराल. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली. केन टॉम्प्सन आणि ते युनिक्स ही कार्यप्रणाली बांधत होते. त्यांच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्राची स्मृती होती २४ किलोबाइट! प्रत्येक पावलाला ‘हद्द ओलांडली का?’ असे विचारत बसणे त्या यंत्राला महागात पडले असते. हद्द सांभाळण्याचे काम लिहिणाऱ्यावर सोडले गेले, आणि ते आजही त्याच्यावरच आहे. १९८४ मध्ये एमआयटी या संस्थेत सुरू झालेली ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली, १९८५ ची पहिली विंडोज, ही कामे सी भाषेतच झाली. तेव्हा पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणे यांच्या पोटात पुष्कळ ठिकाणी हेच पत्ते आणि हीच पावले आहेत.

गोल पानावर टिचकी

पडद्यावरचा आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. क्ष उजवीकडे वाढतो हे ठीक, पण य खाली वाढतो. आलेखाच्या वहीची सवय झालेल्या मुलांची पाने पहिल्यांदा उलटीच पडतात. त्यात वावगे काही नाही.

समजा प्रत्येक पानाला ६० बिंदू रुंद आणि ६० बिंदू उंच असा चौक दिला. १२ पाने आडवी, १० उभी. खेळाचा पट झाला ७२० × ६००. आता टिचकी पडली क्ष = २०५, य = १३० या ठिकाणी. ती कोणत्या पानावर? सर्व १२० पाने एकेक करून विचारायची गरज नाही. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक टाकून दिला जातो. २०५ ÷ ६० = ३ आणि १३० ÷ ६० = २. पाने[२][३] मिळाले. राजा शून्यावर, प्रधान एकवर, एक्का दोनवर. तेव्हा हे वराहाचे दोनाचे पान. पानाचे क्रमांक शून्यापासून मोजल्याचा फायदा येथे कसा झाला, तो लक्षात घ्या.

पण आपली पाने गोल आहेत! चौकाच्या कोपऱ्यात टिचकी मारली तर पान उचलले जाऊ नये. चौकाचा मध्य आहे (२१०, १५०). पानाची त्रिज्या २८ धरू. पायथागोरसचा सिद्धान्त लावा: क्षचा फरक ५, यचा फरक २०; ५² + २०² = ४२५. त्रिज्येचा वर्ग ७८४. ४२५ लहान, म्हणून टिचकी पानावरच आहे. वर्गमूळ काढायची गरज नाही, वर्गांचीच तुलना करावी. (१८३, १२३) या कोपऱ्यातल्या बिंदूसाठी तुम्ही करून पाहा; २७² + २७² = १४५८ येते, म्हणजे टिचकी बाहेर.

आता हा पट खिडकीच्या आत आहे, आणि खिडकी पडद्यावर आहे. प्रत्येकाची जागा त्याच्या वडीलधाऱ्याच्या कोपऱ्यापासून मोजलेली असते. पुन्हा ‘देवळापासून तिसरे घर’! वराहाच्या दोनाच्या पानाचा चौक पटात (१८०, १२०) वर, पट खिडकीत (४०, ९०) वर आणि खिडकी पडद्यावर (२००, १००) वर असेल, तर पडद्यावरची जागा (४२०, ३१०). सापेक्ष वेगाची बेरीज ज्यांनी केली आहे त्यांना यात नवे काही नाही. आज्ञावलीत प्रत्येक वस्तूजवळ तिच्या ‘पालका’चा पॉइंटर ठेवलेला असतो. पालकाकडे जायचे, त्याची जागा मिळवायची, मग त्याच्या पालकाकडे. खिडकीला पालक नाही. तिच्या पॉइंटरमध्ये ‘नल’ लिहिलेले असते, म्हणजे पत्ताच नाही. तेथे थांबायचे. खिडकी सरकवली की फक्त तिचे दोन आकडे बदलतात आणि १२० पाने मुकाट तिच्याबरोबर जातात.

पिसायची चित्रे की पत्ते?

पाने पिसायची वेळ आली. एका पानाचे चित्र १०० × १०० बिंदूंचे आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले, तर एक चित्र ४०,००० बाइटांचे. १२० पानांचे झाले ४८ लाख बाइट; रिची यांच्या त्या यंत्रात मावले असते त्याच्या जवळजवळ १९५ पट. चित्रे एकदाच स्मृतीत ठेवायची आणि हलवायची नाहीत. त्याऐवजी १२० पॉइंटरांचा एक ॲरे करायचा:

पान *संच[१२०];

आणि फक्त पत्त्यांची अदलाबदल करायची. संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये दिलेल्या पद्धतीने १२० पाने पिसायला जास्तीत जास्त ११९ अदलाबदली लागतात. एका अदलाबदलीत तीन वेळा उचलून ठेवावे लागते. दोन भांड्यांतले पदार्थ बदलायला तिसरे भांडे लागते तसे. चित्रे हलवली तर १,४२,८०,००० बाइट हलतात. पत्ते हलवले तर ११९ × ३ × ८ = २,८५६. पुढे तीन भिड्यांना वाटताना पहिले ४० पॉइंटर एकाला, पुढचे ४० दुसऱ्याला, उरलेले तिसऱ्याला. चित्रे आहेत तेथेच आहेत.

माझी स्वतःची चूक येथे सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी एक छोटासा प्रयोगदर्शक लिहीत होतो. बटणांच्या जागा ठरवणारे एक फलन केले. त्याच्या आतच चौकोनांचा ॲरे मांडला, जागा भरल्या आणि शेवटी ॲरेचा पत्ता परत पाठवला. पहिल्यांदा बटणे झकास दिसली. खिडकी झाकून पुन्हा उघडली की बटणे कोठेही जाऊन पडत. दोन रात्री मी गणित तपासत होतो आणि गणित बरोबर होते. फलन संपले की त्याच्या आतल्या जागा मोकळ्या होतात आणि पुढचे फलन त्या वापरते, हे माझ्या ध्यानात नव्हते. आठवडा बाजारात भाजीवाली बसली त्या जागेचा पत्ता मी लिहून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तेथे भाजी आणायला गेलो! जागा होती, भाजी नव्हती. अशा ॲरेची जागा फलनाबाहेर करावी, किंवा मागून घ्यावी आणि काम झाल्यावर आठवणीने परत करावी.

‘साव’ची गोष्ट

विद्यार्थिनीच्या खिडकीवर नाव हवे होते ‘सावंतवाडी’. तिने बोटांवर अक्षरे मोजली: सा, वं, त, वा, डी. पाच. सावधगिरी म्हणून १० घरांचा ॲरे केला आणि मावेल तेवढेच लिहावे अशी आज्ञा दिली. पडद्यावर आले ‘साव’.

मोजणी अशी आहे. स, काना, व, अनुस्वार, त, व, काना, ड, वेलांटी. संगणकाच्या लेखी ही ९ चिन्हे. आज सर्वत्र वापरात असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ९ × ३ = २७, आणि शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य. २८ घरे हवीत. दहा घरांत तीन चिन्हे आणि शून्य एवढेच मावले. मावेल तेवढेच लिहा ही आज्ञा तिने दिली नसती, तर उरलेले १८ बाइट शेजारच्या माहितीवर जाऊन बसले असते. ‘साव’ दिसले हे बरेच झाले म्हणायचे. आणि बटणाची रुंदी घरे मोजून ठरवू नये हेही यातून दिसेल. अनुस्वाराला ३ बाइट लागतात, पण रुंदी जवळजवळ नाहीच. ती अक्षराच्या चित्रावरूनच मोजावी लागते.

इतके सगळे सुधारून तिने खेळ आजोबांसमोर ठेवला. त्यांनी चार डाव पाहिले आणि म्हणाले, ‘ह्यो खंयचो गंजिफा? अर्ध्या रंगांत एक्को मोठो आसता!’

आजोबांचे बरोबर होते. दशावतारी गंजिफात पाच रंगांत प्रधानाच्या खाली दश्शी आणि तळाशी एक्का असतो. उरलेल्या पाच रंगांत हा क्रम उलटा, प्रधानाच्या खाली एक्का आणि तळाशी दश्शी. मुलीने सर्व दहा रंगांना एकच क्रम दिला होता. ती पाच रंगांची घरे उलटी मांडायला निघाली होती. ते करावे लागले नाही. तिने प्रत्येक रंगासाठी एक सुरुवातीचे बोट आणि एक पाऊल ठेवले. एका जातीच्या रंगात बोट ११ व्या घरावर आणि पाऊल उणे १. दुसऱ्या जातीत बोट २ऱ्या घरावर आणि पाऊल अधिक १. घरे जेथल्या तेथे राहिली, फक्त चालण्याची दिशा बदलली.

तुमच्यासाठी काम: गंजिफाचा ९६ पानांचा आठ रंगी संच असतो आणि १०८ पानांचा नवग्रह संचही असतो. दोन्हींत प्रत्येक रंगाची पाने १२च. वरच्या आज्ञावलीतला कोणता आकडा बदलावा लागेल आणि कोणता तसाच राहील? नवग्रह संचात पाने[८][११] चा पत्ता किती, ते पहिले घर २००० वर धरून काढा. आणि तुमच्या गावाच्या नावाला किती घरे लागतात, तेही मोजा.